सुगी, मावळती आणि रात्र : सोलापूर फोटो प्रकल्पाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

प्रकल्प सुरू करायच्या आधी काय करायचंय ते लिहून ठेवतो, म्हणजे महिन्याभरानं मन भलतीकडं जायला नको. सोलापूर जिल्ह्यातली सुगी, म्हणजे झेंडू, सोयाबीन, कांदा आणि शेवटी ऊस, हे सगळं फक्त दिवस मावळतानाचं आणि रात्रीचं शूट करायचं, दुपारचं काहीच घ्यायचं नाही. आपल्याकडं शेतीचे फोटो म्हणलं की दोनच गोष्टी दिसतात, एक तर बॅनरवरचा भर उन्हात कणीस हातात धरून हसणारा शेतकरी, नाहीतर मग लालभडक सूर्यासमोर बैलगाडीची काळी आकृती, आणि खरं काम ज्या टायमाला चालतं तो टाइम या दोन्हीत कुठंच नाही. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी माणूस झाडाखाली बसतो, चारनंतर कामाला परत जोर येतो, मळणी मशीनचा नंबर लागतो रात्री, उसाची ट्रॉली भरून निघते रात्री, मोटारीची थ्री फेज येते ती पण कितीतरी गावात रात्रीच. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली बरीचशी शेती अंधारात होते आणि ती फोटोत कुठं दिसतच नाही. ती दाखवायची.

सामान: फुल फ्रेम कॅमेऱ्याची बॉडी, ३५ एमएम आणि ८५ एमएम लेन्स (दोन्ही एफ १.८), एक २४ एमएम, ट्रायपॉड, रिमोट, लाल उजेडाचा पण ऑप्शन असलेला हेडलॅम्प, आणि जाड गमबूट. गमबुटाला पर्याय नाही, काढणीच्या दिवसात रानात उंदीर असतात आणि उंदरामागं घोणस येते, अंधारात ट्रायपॉडचा पाय कुठं टेकवतोय ते बॅटरी मारून बघितल्याशिवाय टेकवायचा नाही. फ्लॅश घरीच ठेवला. ज्या उजेडात माणूस काम करतोय त्याच उजेडात त्याचा फोटो, हा या प्रकल्पाचा एकमेव नियम. ट्रॅक्टरचा लाइट असो, चंद्र असो, बांबूला टांगलेला बल्ब असो.

टायमाचं गणित पण मांडलं. सध्या सोलापुरात सूर्य सहा-दहाच्या आसपास मावळतोय, नोव्हेंबरच्या मध्यात पाच-पन्नासला मावळेल. युरोपातल्या लोकांचे व्हिडिओ बघून गोल्डन अवर म्हणजे खरंच तासभर असेल असं वाटतं पण आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, सूर्य जवळजवळ उभाच्या उभा खाली उतरतो, त्यामुळं सोनेरी उजेड जेमतेम अर्धा तास आणि मावळल्यानंतरचा निळा उजेड वीस-पंचवीस मिनिटं. एवढ्यात एकच जागा होते, दोन रानं गाठायला गेलं की एकही धड होत नाही. एका संध्याकाळी एकच रान.

१० ऑक्टोबर, गुरुवार. झेंडू, कारंब्याच्या पुढं

परवा दसरा, म्हणून झेंडूपासून सुरुवात. बार्शी रोडला कारंब्याच्या पुढं एका तात्यांचं अर्धा एकर झेंडू आहे, साडेचारला पोचलो तेव्हा घरातली सगळीच रानात होती, शाळेतली पोरंसुद्धा, कारण फूल आज रात्री पिकअपमध्ये भरून गेलं तरच दसऱ्याच्या बाजाराला सापडणार. एक दिवस उशीर झाला की भाव पडतो, आणि दसरा झाला की दिवाळीपर्यंत त्या फुलाला कुणी विचारत नाही.

झेंडू कॅमेऱ्याला फार अवघड. नारिंगी फुलावर मावळतीचा पिवळा उजेड पडला की लाल चॅनल फुटतो, म्हणजे लाल रंगातला बारकावा जातो, आणि साध्या हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ते दिसत पण नाही, तिथं सगळं नीट दिसतं आणि घरी येऊन बघितलं की पाकळ्या गायब, नुसता केशरी गोळा. म्हणून मी हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावून ठेवतो आणि लाल भिंतीला टेकायच्या आत थांबतो, आज पाऊण ते एक स्टॉप अंडर, म्हणजे जवळजवळ निम्म्या उजेडावर, ठेवावं लागलं. व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग कॅमेऱ्यानं कसा धरायचा ते) ऑटोवर अजिबात नाही. ऑटोला वाटतं उजेड पिवळा आहे म्हणजे काहीतरी बिघडलंय आणि तो सगळी संध्याकाळ धुऊन पांढरी करून ठेवतो. ५२०० केल्विनला फिक्स केलं आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, घेतलं.

सूर्य गेल्यावर काकूंनी मोबाइलची बॅटरी ब्लाऊजच्या गळ्यात खोचली आणि तोडणी चालूच ठेवली. खालून वर हनुवटीवर उजेड, हातात झेंडू, मागं आकाश गडद निळं. आजचा फोटो हाच. शटर १/६० सेकंद, लेन्सचं तोंड एफ २, सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ३२००. थोडा नॉइज (दाणेदारपणा) आहे, राहू दे.

१३ ऑक्टोबर, रविवार. सोयाबीन, वडाळा शिवार

आज सोयाबीन काढणी. बायकांची टोळी गुत्त्यानं काम घेते, एकराचा दर ठरलेला असतो त्यामुळं कुणी कुणाला चल आवर म्हणत नाही, सगळ्या आपोआप पळत असतात. प्रत्येकीनं आपापली पात धरलेली, विळ्यानं बुडातून कापायचं, डाव्या हातानं मूठ मागं टाकायची. हात बघण्यासारखे. वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगेला टोक असतं ते चांगलंच टोचतं म्हणून बोटांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळलेल्या, त्याच्यावर शर्टाची बाही, बाहीवर रबर. ८५ नं फक्त हात घेतले, उजेड पाठीमागून, विळ्याच्या पात्यावर एक बारीक पिवळी रेघ आणि शेंगांवरची लव चमकतेय. ही लव फक्त मावळतीच्या आडव्या उजेडातच दिसते, दुपारी तेच झाड मातीच्या रंगाचं होऊन जातं.

आता मुद्द्याचं. सूर्य समोर ठेवून टोळीचा काळ्या आकृत्यांचा फोटो आज अगदी हातात होता, वाकलेल्या बायका ओळीनं, मागं तांबडं आकाश. घेतला नाही. एक म्हणजे असले फोटो हजारांनी आहेत, आणि दुसरं म्हणजे त्यात बाईचं तोंडच जातं. दिवसभर तिनं कापायचं आणि फोटोत तिची नुसती सावली उरणार, हे मला पटत नाही. मी फिरून त्यांच्या आणि सूर्याच्या मधे आडवा आलो, सूर्य माझ्या डाव्या खांद्याला घेतला, म्हणजे अर्ध्या तोंडावर उजेड येतो आणि अर्ध्यावर आकाशाचा मऊ निळा. तोंडं दिसली पाहिजेत. एक आक्का म्हणाल्या, "भैय्या, घामानं तोंड कसं झालंय बघ की, पुसून तरी घेऊ दे." पदरानं तोंड पुसलं आणि परत वाकल्या, थांबल्या नाहीत.

पावणेसहाला ढग आले, सहाला टेम्पो आला आणि टोळी गेली. टोळीच्या बायका काम करतात ते मावळतीपर्यंत, कारण घरी जाऊन चूल पेटवायची असते, आणि अंधार पडल्यावर रानात गडी असतात. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली. म्हणजे नुसती संध्याकाळ शूट केली तर गडी दिसणार नाहीत, नुसती रात्र केली तर बाया दिसणार नाहीत. प्रकल्पाचे दोन भाग याच्यावरनंच पाडायचे.

साडेसहाला परतीचा पाऊस आला. कापलेलं सगळं उघड्यावर. मालक, त्यांचा पोरगा आणि मी, तिघांनी मिळून ताडपत्री ओढली. कॅमेरा गाडीत होता.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. धूमकेतू

परवाच्या पावसानं हवेतली धूळ धुऊन काढली, आज पश्चिमेचं आकाश काचेसारखं स्वच्छ. त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू या आठवड्यात संध्याकाळी पश्चिमेला दिसतोय हे माहीत होतं म्हणून जागा आधीच हेरून ठेवली होती, वडाळ्याचंच तेच रान, पश्चिमेला मोकळी उतरण आणि मधोमध सोयाबीनची बनीम (कापलेल्या झाडांचा ढीग) रचलेली. पावणेसात वाजले, शुक्र डावीकडं खाली, स्वाती उजवीकडं क्षितिजाला टेकत आलेली, आणि त्या दोघांच्या मधे वरच्या अंगाला हा, शेपूट सरळ वर. चंद्राच्या उजेडामुळं डोळ्यांना अंधुक, पण एकदा सापडला की मग नजर सुटत नाही.

हा धूमकेतू जानेवारी २०२३ मध्ये चीनमधल्या वेधशाळेतून आणि नंतर दक्षिण आफ्रिकेतल्या ॲटलस दुर्बिणीतून सापडला, म्हणून जोडनाव. १२ तारखेला पृथ्वीपासून साधारण सात कोटी किलोमीटरवरून गेला आणि आता लांब चाललाय. आपल्या जन्मात परत दिसायचा नाही.

चंद्र पौर्णिमेला आलेला होता आणि माझ्या पाठीमागं पूर्वेला वर चढलेला, लोक म्हणतात धूमकेतूला चंद्र नको, पण मला तो हवाच होता, कारण बनिमीवर, ताडपत्रीच्या घडीवर, राखणीला बसलेल्या आप्पांच्या तोंडावर उजेड त्याचाच. ३५ एमएम, एफ २, ४ सेकंद, आयएसओ १६००. तारे न ओघळता या लेन्सला १४ सेकंदापर्यंत जाता येतं (५०० भागिले लेन्सचा आकडा), पण माणूस १४ सेकंद हलल्याशिवाय बसत नाही, त्याला तसं सांगितलं की तो पुतळ्यासारखा ताठ होतो. चार सेकंदात आप्पा विडी ओढता ओढता सहज बसून होते.

आप्पांना दाखवला. बराच वेळ कपाळावर हात धरून बघत होते. "शेंडेनक्षत्र हाय की रं. सत्त्याण्णव साली बी एक दिसलं होतं, ह्याच्यापरीस मोठं, रोज बघायचो आमी." तो हेल-बॉप, मी लहान असताना आमच्या गच्चीवरनं बघितलेला. आप्पांनी तो याच रानातून बघितला होता, तेव्हा इथं करडई होती म्हणाले.

१६ ऑक्टोबर, बुधवार. कोजागरी

आज थोडक्यात. पूर्ण चंद्र आणि रान दोन्ही एका फोटोत नीट यायला एकच संधी असते, चंद्र सूर्य मावळायच्या थोडा आधी उगवलेला पाहिजे. आज तो पाऊण तास आधी उगवला. काळोख पडल्यावर चंद्राला १/१२५, एफ ११, आयएसओ १०० असं एक्स्पोजर लागतं, म्हणजे तो जवळजवळ दिवसाइतकाच उजळ, आणि त्या सेटिंगला रान ठार काळं येतं. पण सहा-दहा ते सहा-पंचवीस एवढ्यात आकाशाचा उजेड उतरत उतरत चंद्राच्या बरोबरीला येतो आणि दोन्ही एकाच क्लिकमध्ये बसतं. नान्नजच्या माळाकडच्या एका मक्याच्या रानात घेतलं, कणसं खुडून ढीग घातलेला, ढिगावर बसून दोन पोरं कणसं सोलतायत, मागं चंद्र.

१९ ऑक्टोबर, शनिवार. हडंबा

या प्रकल्पातली आतापर्यंतची सगळ्यात महत्त्वाची रात्र, म्हणून सविस्तर लिहितो.

मळणी मशीनला आमच्याकडं हडंबा म्हणतात. गावात मशीन दोन आणि बनिमी शंभर, वरनं पावसाची धास्ती, त्यामुळं नंबर लागेल तेव्हा मळायचं. खरं तर सोयाबीन दुपारच्या उन्हात मळायला चांगलं, रात्री दव पडलं की शेंग सादळते, मशीनला अडकते, पण नंबर सोडला तर परत कधी येईल याचा भरवसा नाही. आज ज्यांच्या रानात गेलो त्यांचा नंबर रात्री साडेआठला लागला.

मांडणी अशी: ट्रॅक्टरच्या मागं हडंबा, ट्रॅक्टरच्या शाफ्टवरच चालतो. एकजण बनिमीवर उभा राहून खाली ओढून देतो, एकजण मशीनच्या तोंडाशी घालतो, खाली दोघं पोती धरून, एका बाजूनं दाणे आणि दुसऱ्या बाजूनं भुस्कट उडतंय. आवाज एवढा की बोलणं सगळं हातवाऱ्यांनी.

पहिली गोष्ट मी स्वतःसाठी ठरवली ती म्हणजे तोंडाशी घालणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर उभं राहायचं नाही. त्याचा हात दातऱ्यांपासून वीतभर लांब असतो, मळणी मशीनमध्ये हात गेलेली माणसं प्रत्येक गावात आहेत, फोटोसाठी त्यानं एक क्षण माझ्याकडं बघितलं तर काय होईल ते सांगायला नको. त्यामुळं त्याच्या मागच्या अंगाला, शाफ्टपासून लांब, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा नाही, उपरणं नाही, सैल काहीच नाही. कुणी नवीन माणूस शूट करायला जाणार असेल तर त्याला सेटिंग सांगायच्या आधी मी हे सांगेन.

उजेड दोन ठिकाणचा. ट्रॅक्टरच्या मागचा कामाचा लाइट, आणि विहिरीवरच्या पेटीतून वायर ओढून बांबूला टांगलेला एलईडी बल्ब. यात एक गंमत आहे. लाइनवरचा बल्ब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, डोळ्यांना कळत नाही पण शटर १/२५० वर नेलं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० ला ठेवलं की पट्टे गायब, कारण मग शटरमध्ये लाटा पूर्ण बसतात. ट्रॅक्टरचा लाइट बॅटरीवरचा, त्याला हा त्रास आला नाही. मी १/१०० धरलं आणि बाकी सगळं आयएसओवर सोडलं, ४००० पर्यंत गेलं.

धूळ हा इथला खरा विषय. सोयाबीनची धूळ अंगाला खाजते, डोळ्यात जाते, घशात बसते, आणि त्याच धुळीमुळं उजेड दिसतो. समोरून फ्लॅश मारला असता तर प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन पुढं आला असता आणि मागचं काहीच दिसलं नसतं. पण मशीन माझ्या आणि ट्रॅक्टरच्या लाइटच्या मधे घेतलं की धुळीचा अख्खा पडदा पेटतो, त्याच्यात माणसाची कड उजळते, आणि बाजूच्या बल्बमुळं तोंड पण दिसतं. एक्स्पोजर धुळीच्या सगळ्यात उजळ भागावर धरायचं, सावल्या नंतर रॉमधून वर काढता येतात. लेन्स रानात बदलायची नाही, ३५ च लावून गेलो होतो आणि बॉडीला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली. घरी आल्यावर आधी ब्लोअर मग ब्रश, तोंडानं फुंकर कधीच नाही.

साडेदहाला मशीन दहा मिनिटं थांबलं. मालकांनी पोत्यातले चार दाणे घेतले आणि एक दाताखाली धरला. कट् आवाज आला. "वाळलंय," म्हणाले, आणि मग दुसरा तोंडात टाकला, परत कट्. तळहात बल्बखाली उघडा, त्याच्यावर पिवळे गोल दाणे, रेषांमध्ये काळी माती, अंगठ्याच्या नखात भुस्कटाची काडी. ८५ लावलेली दुसरी बॉडी मित्राकडून मागून आणली होती, तिच्यावर हा हात घेतला, एफ २.८, १/१००.

मालक सांगत होते की हमीभाव यंदा ४८९२ आहे पण बाजारात चार हजाराच्या आसपासच मागतायत, आणि सरकारी खरेदी केंद्रावर घालायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, तो या पावसात आणायचा कुठनं. त्या कट् आवाजावर एवढं सगळं अवलंबून आहे. फोटोच्या खाली दोन ओळींची माहिती देणार आहे त्यात हे आलंच पाहिजे, नाहीतर लोक नुसता छान हात बघून पुढं जातील.

मग कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. सगळे पोत्यांवर बसून. मला पण वाढलं. रात्री एकला शेवटचं पोतं शिवलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

पाऊस. शूट नाही. हार्डडिस्कवर दोन कॉप्या करून ठेवल्या.

२६ ऑक्टोबर, शनिवार. निवड आणि एक विचार

आतापर्यंतचं सगळं स्क्रीनवर लावून बघितलं. संध्याकाळचे फोटो रंगानं भारी आहेत पण रात्रीच्या फोटोत वजन आहे, आणि मला वाटतं त्याचं कारण असं की मावळतीचा उजेड सगळ्या रानावर सारखा पडतो, रात्री मात्र उजेड तिथंच असतो जिथं काम आहे. बल्ब कुणीतरी तिथं टांगला कारण तिथं पोतं धरायचं होतं. फोटोत काय ठेवायचं आणि काय नाही हे त्या माणसानं आधीच ठरवलेलं असतं, मी फक्त त्याच्या निर्णयाच्या मागं जातो.

रंग जास्त चढवायचे नाहीत हे पण ठरवलं. एडिटिंगमध्ये संध्याकाळ अजून लाल करायचा मोह होतो. नाही करायचं, सोलापूरची ऑक्टोबरातली संध्याकाळ पिवळसर तांबूस असते, काळ्या मातीवर ती शेवटी जांभळट होते, तेवढं पुरेसं सुंदर आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार. कांदा, मार्केट यार्ड

दिवाळी झाली, कांद्याच्या गाड्या वाढायला लागल्या. मंद्रूपच्या बाजूला संध्याकाळी पात कापून पिशव्या भरताना घेतलं आणि मग त्याच गाडीमागं रात्री सिद्धेश्वर बाजार समितीच्या यार्डात आलो. लिलाव सकाळी, पण गाड्या रात्रीच लागतात.

यार्डात उजेड फार मिसळलेला, एका खांबावर पिवळा दिवा, दुसऱ्यावर पांढरा एलईडी, गाळ्यात हिरवट ट्यूब. एकच व्हाइट बॅलन्स सगळ्याला लागू होत नाही आणि मी तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही, यार्ड तसंच दिसतं. हमालांच्या पाठीवरची पिशवी, डोक्यावरून मागं घेतलेलं पोत्याचं फडकं, कांद्याची सालं पायाखाली आणि हवेत. गाडीखाली सोलापुरी चादर अंथरून एक शेतकरी झोपलेला, आपल्याच मालाच्या पहाऱ्यावर. त्यांना उठवून विचारणं बरोबर नव्हतं आणि न विचारता घेणं पण बरोबर नव्हतं. पहाटे चहाच्या टपरीवर भेटले तेव्हा विचारलं, हसून हो म्हणाले, परत तिथंच आडवे झाले नाहीत ते बरं, मी त्यांना चहाचा ग्लास हातात घेऊन गाडीला टेकलेलं घेतलं. पहाटेचा निळा उजेड आणि टपरीचा पिवळा बल्ब. चांगला आलाय.

१७ नोव्हेंबर, रविवार. ऊस, सीनाकाठ

गाळप हंगाम राज्यात १५ तारखेपासून सुरू झाला. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने राज्यात सगळ्यात जास्त, पण टोळ्या अजून कमीच दिसतायत, २० ला विधानसभेचं मतदान आहे, बरेच तोडकरी ते करूनच येणार. तिऱ्ह्याजवळ एक टोळी मिळाली, बीडकडची.

ऊसतोडीत बायका संध्याकाळी आणि गडी रात्री ही माझी विभागणी चालत नाही. इथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, दोघं पहाटे चारला फडात, आणि संध्याकाळी ट्रॉली भरायला पण दोघं. तिनं मोळी उचलून त्याच्या डोक्यावर द्यायची, नाहीतर स्वतःच डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढायचं. हे अंधार पडल्यावर, हेडलाइटच्या उजेडात. प्रकल्पाचे दोन भाग पाडले होते त्याला हा तिसरा जोडावा लागणार, याच्यासाठी वेगळी जागा पाहिजे.

सूर्य महिन्याभरात चांगलाच दक्षिणेला सरकलाय, ऑक्टोबरच्या मध्याशी तुलना केली तर मावळतीची जागा साधारण दहा अंश डावीकडं. उसाच्या फडात हे फार जाणवतं, कारण ऊस आठ-दहा फूट उंच, सऱ्या ज्या दिशेला असतील त्याच फटीतून उजेड आत येतो. आजच्या फडाच्या सऱ्या पश्चिमेपासून जरा नैर्ऋत्येकडं तोंड करून होत्या, शेवटची दहा मिनिटं एका सरीतून उजेडाचा पट्टा थेट तोडकऱ्यांपर्यंत आला.

२४ नोव्हेंबर, रविवार. रात्रीची भराई

तीच टोळी, पुढचा फड. ट्रॉली भरताना फळीवर पाय कसा पडतो ते घ्यायचं होतं. फळी वीतभर रुंद, डोक्यावर मोळी, पायात स्लिपर. ट्रॅक्टरचा लाइट खालून तिरका, पायाची बोटं फळीला धरतायत. १/१६० ला पाऊल थांबतं, त्याच्या खाली गेलं की हलतं. हलणारं पण एक घेतलं, १/८ ला, ट्रायपॉडवरून, ट्रॉली स्थिर आणि फळीवरनं चढणारी बाई म्हणजे नुसती एक उजेडाची लाट. टोळीतल्या तिच्याच जावेनं स्क्रीनवर बघितला आणि म्हणाली, "ह्यात ती कुठं हाय?" बरोबर आहे. तो फोटो निवडीतून काढला, पायाचा ठेवला आणि तिचा चेहऱ्याचा वेगळा घेतला, ट्रॉलीवर बसून पाणी पिताना.

शेजारच्या फडात पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवलेलं होतं. दिसायला जबरदस्त, दोन-तीन पुरुष उंच ज्वाळा, मागं चांदण्या, कॅमेरा दोन स्टॉप अंडर करून घेतला तर प्रत्येक ज्वाळा सुटी दिसते. पण पाचट जाळू नका, सरीत कुजवा, जमिनीचा कस वाढतो, हे कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगतोय आणि ते खरं आहे, त्यामुळं आगीचा फोटो नुसता सुंदर म्हणून लावणार नाही. लावला तर शेजारी दुसऱ्या दिवशीचं काळं रान लावणार. ते पण घेऊन आलो.

परतताना रस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्यांची रांग. रस्त्याकडेला उभं राहून शूट करताना मी रिफ्लेक्टरचं जॅकेट घालतो आणि गाडीचे इंडिकेटर चालू ठेवतो. ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर असला तर तो लांबून दिसतो, नसला तर उसाचा डोंगर एकदम पुढ्यात येतो. माझ्या ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये हे स्वच्छ दिसलं, काही ट्रॉल्यांच्या लाल रेघा उमटल्या आणि काहींचं काहीच उमटलं नाही. तो फोटो या प्रकल्पात राहणार, रस्त्यावरनं रात्री जाणाऱ्या प्रत्येकानं तो बघावा असं मला वाटतं.

३० नोव्हेंबर, शनिवार

शेवटची निवड झाली. क्रम तारखेनं नाही, उजेडानं लावला: पहिल्यांदा आडवा पिवळा उजेड, मग निळा, मग चंद्र, मग बल्ब, मग ट्रॅक्टर, शेवटी पहाट. माणूस आहे पण चेहरा नाही असे फोटो तीनच ठेवले, विळ्याचा हात, दाण्याचा तळहात आणि फळीवरचा पाय.

रब्बीचं पण ठरवून टाकलं. ऑक्टोबरात सोयाबीन निघत होतं तेव्हा शेजारच्या रानात ज्वारी पेरत होते, ती आता गुडघ्याला आलीय. फेब्रुवारीत मंगळवेढ्याकडं मालदांडी ज्वारीची काढणी, तिथं काळ्या रानात लांबवर एक झाड नसतं, उजेडाला अडवणारं काहीच नाही, म्हणून २४ एमएम जास्त चालेल. तोवर तुरीची काढणी पण बघायचीय.

प्रिंट काढायला दिल्यात, प्रत्येक घरासाठी आठ बाय बारा, मॅट. आप्पांना धूमकेतूचा, आक्कांच्या टोळीला प्रत्येकीला आपापला. वडाळ्याचे निवांत देता येतील, पण सीनाकाठची टोळी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावाला हलणार म्हणून मुकादमाला फोन केला, ते म्हणाले बुधवारपर्यंत इथंच आहे. प्रिंट मंगळवारी हातात येतायत, त्याच दिवशी संध्याकाळी फडावर नेऊन देतो.